पाणबुडीचा सेवा-इतिहास कसा लिहायचा: पहिला सराव ‘हॉलंड 1’ वर

गेल्या दिवाळीत आमच्या एका जुन्या जोडीदाराचा मुलगा घरी आला. जोडीदार जाऊन दोन वर्षे झाली. मुलाच्या पिशवीत वडिलांचे दोन ग्रुप फोटो, एक पितळी बिल्ला आणि पानांच्या कडा खाल्लेली एक छोटी डायरी होती. चहा घेता घेता म्हणाला, “काका, बाबांनी ज्या पाणबुडीवर काम केलं, तिचा सगळा इतिहास मला लिहायचाय. पण हात कुठून घालू?”

मी 34 वर्षे पाणबुड्यांच्या बॅटऱ्यांवर काम केले. सेल भरणे, ग्रॅव्हिटी (सेलमधल्या ॲसिडची घनता) घेणे, चार्जिंगवर रात्र काढणे यात माझे आयुष्य गेले. मी इतिहासकार नाही. पण निवृत्तीनंतर बोटींच्या नोंदी जुळवण्याचा नाद लागला आणि चुकत चुकत एक पद्धत हाताला बसली. त्या मुलाला जे सांगितले ते इथे लिहितो, कारण आमच्या पिढीची माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि असा प्रश्न घेऊन येणारी मुले वाढत आहेत.

पहिला सल्ला ऐकून तो जरा हिरमुसला. वडिलांच्या बोटीपासून सुरुवात करू नका. त्या बोटीत जीव अडकलेला असतो, आणि जीव अडकला की माणूस ऐकलेली प्रत्येक गोष्ट खरी मानतो. आधी अशा बोटीवर हात बसवा जिचे आयुष्य लहान आहे, पुरे झालेले आहे, आणि जिची माहिती उघडी आहे. मी स्वतः सराव केला तो ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या पाणबुडीवर, ‘हॉलंड 1’ वर. 1901 साली पाण्यात उतरली, 1913 साली भंगारात विकली. आठ माणसांची बोट. तिचा सगळा इतिहास एका वहीत मावतो, आणि ती आजही इंग्लंडात उभी आहे.

(आम्ही पाणबुडीला कधी ‘जहाज’ म्हणत नाही, ‘बोट’च म्हणतो. जगभरच्या पाणबुडीवाल्यांची हीच रीत. तुम्हीही तसेच लिहा. वाचणारा माणूस पाणबुडीतला असेल तर पहिल्याच ओळीत त्याचा विश्वास बसतो.)

वही कशी आखायची

फुलस्केप आकाराची 200 पानी वही घ्या. डाव्या पानावर घटना, उजव्या पानावर ती कुठून कळली. डाव्या पानावर तीन रकाने पाडा: तारीख, जागा, घडले काय. एकाच ठिकाणी सापडलेली गोष्ट पेन्सिलने लिहा. दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या ठिकाणीही तीच सापडली की पेनाने गिरवा. दहा जणांनी एकाच पुस्तकातून उतरवून घेतलेली तारीख म्हणजे दहा पुरावे नव्हेत, एकच.

संगणकावर लिहिणारे लिहोत. पण पेन्सिल आणि पेन यांतला फरक नजरेला दिसत राहतो, म्हणून मी कागद सोडलेला नाही.

नाव आधी पक्के करा

हे काम सोपे वाटते आणि इथेच पहिला घोळ होतो. ‘हॉलंड’ या नावाखाली तुम्हाला निदान तीन गोष्टी सापडतील.

एक, माणूस. जॉन फिलिप हॉलंड, जन्म 1841, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातले लिस्कॅनर गाव. शाळामास्तर. पुढे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पॅटरसनला गेला. तिथे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या फेनियन मंडळींनी त्याला पैसे पुरवले, ते इंग्रजांची जहाजे बुडवता यावीत म्हणून. त्या पैशातून 1881 साली ‘फेनियन रॅम’ नावाची पाणबुडी झाली.

दोन, अमेरिकेची बोट. हॉलंडची सहावी रचना अमेरिकन नौदलाने एप्रिल 1900 मध्ये दीड लाख डॉलरला विकत घेतली. तिचे नाव यूएसएस हॉलंड.

तीन, आपली बोट. ब्रिटिश नौदलाने हॉलंडच्याच पुढच्या, सुधारलेल्या रचनेच्या पाच बोटी मागवल्या आणि त्या बॅरो-इन-फर्नेस इथल्या व्हिकर्सच्या गोदीत परवान्यावर बांधल्या गेल्या. त्यातली पहिली ‘हॉलंड 1’. इंग्रजांविरुद्ध वापरायला म्हणून ज्याने पाणबुडीवर हात बसवला, त्याच माणसाचे नाव इंग्रजांच्या पहिल्या पाणबुडीला. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

हिला कागदोपत्री ‘सबमरीन टॉर्पेडो बोट नंबर 1’ असेही म्हटलेले आढळते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर बोटीची सगळी नावे, क्रमांक आणि टोपणनावे एकाखाली एक लिहा.

गुप्त कामाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी घ्या. ‘हॉलंड 1’ जिथे बांधली त्या शेडवर ‘यॉट शेड’ अशी पाटी होती, आणि तिच्या सुट्या भागांवर ‘पॉन्टून नंबर 1’ असे लिहिलेले असे. पॉन्टून म्हणजे तरंगता तराफा. गोदीच्या जुन्या कागदात कुणी फक्त ‘पाणबुडी’ हा शब्द शोधत बसला तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. ज्या काळात ज्या कारणाने नाव लपवले जात होते, त्या काळात ते कोणत्या नावाखाली लपले असेल हे आधी विचारा.

जन्मतारीख एक नसते

बोटीला किती जन्मतारखा असतात ते ‘हॉलंड 1’ वरून पाहा.

कील (बोटीचा कणा) घातली: 4 फेब्रुवारी 1901.
जलावतरण: 2 ऑक्टोबर 1901.
पहिली बुडी, तीही उघड्या समुद्रात नव्हे, बंदिस्त धक्क्यात: 20 मार्च 1902.
समुद्रातल्या चाचण्या सुरू: एप्रिल 1902.
पोर्ट्समथला दाखल: सप्टेंबर 1902.
कमिशन झाली, म्हणजे नौदलाच्या सेवेत रीतसर आली: 2 फेब्रुवारी 1903.

म्हणजे ‘ब्रिटनची पहिली पाणबुडी 1901 ची’ म्हणणाराही बरोबर आणि ‘1903 ची’ म्हणणाराही बरोबर. दोघे वेगळ्या गोष्टीची तारीख सांगत आहेत. तुमच्या वहीत निव्वळ वर्ष कधीही लिहू नका, पुढे ‘कशाचे’ ते लिहा. जलावतरण म्हणजे सांगाडा तरंगला, एवढेच. त्यात यंत्रे, तारा, बॅटऱ्या पूर्ण बसायच्या बाकी असतात. मी अशा कितीतरी बोटी पाहिल्या आहेत ज्यांच्या जलावतरणाला बँड वाजला आणि नंतर महिनोन् महिने आम्ही आत गुडघ्यावर बसून केबल ओढत होतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. माझगाव गोदीत बांधलेली आजची आयएनएस कलवरी 2015 च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली आणि नौदलात आली 14 डिसेंबर 2017 ला. दोन वर्षांचा फरक. आणि पहिली कलवरी, जिच्यापासून आपले पाणबुडी दल सुरू झाले, ती सोव्हिएत रशियात बांधलेली, 8 डिसेंबर 1967 ला रीगा बंदरात कमिशन झाली. म्हणून आपण पाणबुडी दिन 8 डिसेंबरला पाळतो. नौदल वाढदिवस मोजते तो कमिशनपासून. बोटीवर पहिल्यांदा निशाण चढते आणि कुणीतरी एक माणूस तिचा कॅप्टन होतो, त्या दिवसापासून. सेवा-इतिहासाची पहिली ओळ तीच. आधीचे सगळे प्रास्ताविकात घाला.

‘हॉलंड 1’ चे पहिले कप्तान लेफ्टनंट फॉर्स्टर आर्नल्ड-फॉर्स्टर. कप्तानांची नावे क्रमाने लिहून ठेवा. पुढे एखादी तारीख अडली की त्या काळात कप्तान कोण होता यावरून गाठ सुटते.

आकडे अंगावर घेऊन पाहा

आकडा नुसता उतरवला तर तो तुम्हाला काही सांगत नाही. लांबी 63 फूट 10 इंच, म्हणजे 19.46 मीटर. रुंदी 11 फूट 9 इंच, म्हणजे 3.58 मीटर. मी हे वाचले तेव्हा कांजूरमार्गला राहत होतो आणि रोज लोकलने जात होतो. लोकलचा एक डबा वीस मीटरहून थोडा लांब आणि 3.66 मीटर रुंद असतो. म्हणजे ही अख्खी पाणबुडी लोकलच्या एका डब्यापेक्षा जराशी लहान! त्यातही ती सिगारसारखी दोन्ही टोकांना निमुळती, आणि आतमध्ये 160 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रिक मोटर, बॅटरी, पाण्याच्या टाक्या, 18 इंची टॉर्पेडोची एक नळी. मधे भिंती नाहीत, सगळे एकाच पोकळीत. उरलेल्या जागेत आठ माणसे. त्या दिवशी संध्याकाळी गर्दीच्या डब्यात उभा राहून मी मनात इंजिन कुठे, बॅटरी कुठे असे मांडत घरी आलो.

वेग लिहिताना पाण्यावरचा आणि पाण्याखालचा असे दोन्ही लिहा. हिचा वर 8 नॉट, खाली 7 नॉट. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. म्हणजे 8 नॉट म्हणजे तासाला जेमतेम 15 किलोमीटर, सायकलचा वेग. पाण्याखाली पल्ला सुमारे 20 सागरी मैल. भागाकार करा: 7 नॉटने तीन तासांच्या आत बॅटरी संपली. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहून ठेवा, पुढे एका मोठ्या प्रसंगात तो कामाला येणार आहे. वजनही तसेच. पाणबुडीची वजने दोन असतात, वरची वेगळी आणि बुडालेली वेगळी. कोणते ते लिहिले नाही तर आकडा निरुपयोगी.

यंत्र कळल्याशिवाय अपघात कळत नाही

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझा जन्म याच कामात गेला आणि लिहिणारे बहुतेक लोक हा भाग उडवून पुढे जातात.

‘हॉलंड 1’ पाण्यावर पेट्रोल इंजिनाने चाले. पाण्याखाली इंजिन चालवता येत नाही, कारण इंजिनाला हवा लागते आणि ती माणसांची हवा पिऊन टाकते. म्हणून खाली जाताना इंजिन बंद, आणि बॅटरीवर इलेक्ट्रिक मोटर. वर आले की इंजिन तीच मोटर फिरवते, मोटर डायनॅमो होते आणि बॅटरी पुन्हा भरते. अणुशक्तीवरच्या सोडल्या तर गेली सव्वाशे वर्षे पाणबुड्या मुख्यतः याच तत्त्वावर चालत आल्या आहेत, पुढे पेट्रोलच्या जागी डिझेल आले एवढेच. ब्रिटनने डिझेल नेहमीचे केले ते डी वर्गापासून (वर्ग म्हणजे एकाच रचनेच्या बोटींचा गट), आणि डी वर्गाची पहिली बोट 1908 मध्ये पाण्यात उतरली. तोवर पेट्रोलच.

आता बंद पोकळीत पेट्रोल म्हणजे काय ते पाहा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली बिल्जमध्ये, पायाखाली साचते. दुसरीकडे बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. तो हलका, छताला जाऊन साचतो. एक वायू पायाखाली, एक डोक्यावर, आणि मधे ठिणगी उडवणारी मोटर. शिवाय समुद्राचे पाणी बॅटरीच्या ॲसिडमध्ये गेले तर क्लोरीन तयार होतो, तो थेट घशाला धरतो. त्या काळच्या बोटींवर पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवत. हवा बिघडली की आधी उंदीर मलूल पडत.

आम्ही चार्जिंगला बसायचो तेव्हा पंखा पाच मिनिटे बंद पडला तरी चार्जिंग तोडायचो. एकदा रात्री तीनच्या सुमाराला पंखा बंद पडल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही. माझा हात स्विचकडे गेला होता आणि माझ्या उस्तादांनी मागून मनगट धरले. काही झाले नाही. पण ती पकड मला अजून आठवते, आणि म्हणून खालची एक ओळ मी इतरांपेक्षा वेगळी वाचतो.

3 मार्च 1903: बोटीत स्फोट, चार जण जखमी.

‘हॉलंड 1’ च्या इतिहासात एवढीच ओळ मिळते. कमिशन होऊन जेमतेम महिना झाला होता. अशी ओळ लिहिताना दोन गोष्टी पाळा. कारण स्वतःच्या डोक्याने भरू नका. मला पेट्रोल आणि हायड्रोजन दोन्ही माहीत आहेत म्हणून मी एक निवडून लिहिले, तर ती माझी कल्पना झाली, बोटीचा इतिहास नव्हे. आणि उजव्या पानावर यंत्राची वर दिलेली माहिती जरूर लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की आठांपैकी चार, म्हणजे निम्मे लोक, एका भडक्यात का सापडू शकतात. भिंती नव्हत्या, म्हणून.

पेरिस्कोपचेही असेच. हॉलंडच्या मूळ रचनेत पेरिस्कोप नव्हता. कप्तानाला बघायचे तर बोट वर काढून कॉनिंग टॉवरच्या, म्हणजे बोटीच्या पाठीवरच्या छोट्या बुरुजाच्या, काचांतून बघायचे आणि पुन्हा खाली जायचे. ब्रिटनच्या पाणबुड्यांचे काम ज्यांच्याकडे दिले होते त्या कॅप्टन रेजिनल्ड बेकन यांनी डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांच्याबरोबर पेरिस्कोप तयार करवून घेतला. तो बोटीच्या पाठीवर आडवा झोपवून ठेवत आणि लागेल तेव्हा उभा करत. समोर पाहिले तर चित्र सरळ, बाजूला वळवला तर चित्र आडवे, मागे वळवला तर उलटे. आता डोळे मिटा आणि विचार करा: आडव्या दिसणाऱ्या जहाजाचा वेग आणि दिशा ओळखून टॉर्पेडो सोडायचा आहे. ‘सराव केला’ असे दोन शब्द जिथे लिहिलेले असतात तिथे माणसे काय करत होती, ते अशा तपशिलातून उमगते.

शेजारच्या बोटींचा रकाना

एकट्या बोटीचा इतिहास लिहिता येत नाही. ‘हॉलंड 1’ आणि ‘हॉलंड 2’ सप्टेंबर 1902 मध्ये पोर्ट्समथला आल्या तेव्हा त्यांची आई म्हणून ‘हॅझर्ड’ हे जहाज होते. बोटीत झोपायला जागा नाही, स्वयंपाक नाही, म्हणून माणसे राहायची त्या जहाजावर. बेकन यांच्या हाताखाली हा पहिला पाणबुडी ताफा उभा राहिला. तुमच्या बोटीची एखादी तारीख सापडत नसेल तर आईच्या जहाजाच्या नोंदी पाहा. ब्रिटनची नौदलाची जुनी कागदपत्रे लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि अधिकारी कधी कुठे होता हे नौदलाच्या छापील याद्यांत मिळते.

18 मार्च 1904 ला याच ताफ्यातली नवी बोट ए 1 पोर्ट्समथजवळ सरावात होती. ‘जूनो’ या क्रूझरवर खोट्या हल्ल्याची तयारी करताना तिला ‘बेरविक कॅसल’ हे प्रवासी जहाज आपटले. बोटीतले सगळे, 11 जण गेले. त्यानंतर ब्रिटिश पाणबुड्यांना कॉनिंग टॉवरच्या तळाशीही एक पाणी न शिरणारे झाकण बसवायला सुरुवात झाली. ही घटना ‘हॉलंड 1’ ची नाही, पण तिच्या शेजारच्या रकान्यात ती हवीच. त्या संध्याकाळी आईच्या जहाजावर जेवायला बसताना 11 जागा रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशी ‘हॉलंड 1’ च्या झाकणातून आत उतरणारा माणूस आदल्या दिवशीचा माणूस नव्हता.

जे झाले नाही तेही लिहायचे

‘हॉलंड 1’ लढाईला सगळ्यात जवळ गेली ती 24 ऑक्टोबर 1904 ला. हा प्रसंग लिहिताना बहुतेकांचा तोल जातो, म्हणून पायरीपायरीने करा.

आधी मागचे कारण, दोन वाक्यांत. रशियाचे बाल्टिक आरमार जपानशी लढायला निघाले होते. 21 आणि 22 ऑक्टोबरच्या मधल्या रात्री उत्तर समुद्रातल्या डॉगर बँकवर त्याने हल बंदराच्या मच्छीमार बोटींना जपानी टॉर्पेडो बोटी समजून त्यांच्यावर तोफा डागल्या. मच्छीमार मेले, एक बोट बुडाली, ब्रिटन खवळला.

मग तुमच्या बोटीचे काम, एका वाक्यात. 24 तारखेला ‘हॉलंड’ बोटी आणि ए वर्गाच्या तीन बोटी पोर्ट्समथहून रशियन आरमारावर हल्ल्यासाठी निघाल्या, आणि काही घडण्याआधीच त्यांना परत बोलावले गेले.

‘रशियन आरमाराचा पाठलाग केला’ असे लिहायचा मोह होईल. इथे पहिल्या पानावरची चौकट उघडा. वर 8 नॉट, खाली 7 नॉट आणि तीन तासांची बॅटरी. ही बोट कुणाचाही पाठलाग करू शकत नाही. ती फक्त वाटेवर जाऊन थांबू शकते आणि सावज आपण होऊन जवळ आले तर टॉर्पेडो सोडू शकते. रशियन जहाजांची वाट इंग्लिश खाडीतूनच होती, आणि पोर्ट्समथ त्याच खाडीवर आहे. चौकटीतला हिशोब सांगतो की थांबण्याखेरीज यांना दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

आणि हल्ला झाला नाही म्हणून ही नोंद लहान करू नका. ऑक्टोबरातला तो समुद्र, लोकलच्या डब्याएवढी बोट, दीड वर्षापूर्वी आत झालेला स्फोट, सात महिन्यांपूर्वी गेलेले 11 जोडीदार, आणि खरा टॉर्पेडो खऱ्या जहाजावर सोडायचा हुकूम. त्या दिवशी ती माणसे गेली. माझ्या मते तिच्या सगळ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी नोंद आहे.

रिकामी पाने

1904 नंतर 1913 पर्यंत तुमच्या वहीत जवळजवळ काही नाही. इथे बहुतेक जण ‘त्यानंतर प्रशिक्षणासाठी वापर झाला’ असे लिहून थेट भंगारावर उडी मारतात. आठ-नऊ वर्षे एका ओळीत!

मला याचा त्रास होतो, कारण माझी 34 वर्षे त्याच ओळीत बसतात. बोट बाहेर गेली, बुडाली, वर आली, चार्ज केली, सेलची ग्रॅव्हिटी घेतली, डिस्टिल्ड वॉटर घातले, उद्या पुन्हा. सेवा म्हणजे मुख्यतः हेच. आणि ‘हॉलंड 1’ चे खरे काम तर हेच होते. तिने शत्रूचे एकही जहाज बुडवले नाही. तिच्या पोटात लोक बुडी मारायला शिकले, तेच पुढे ए, बी, सी वर्गांच्या बोटींवर गेले.

म्हणून या काळासाठी वेगळे पान करा. एक नेहमीचा दिवस कसा असेल तो यंत्राच्या माहितीवरून मांडा, आणि वर स्पष्ट लिहा की हा नेहमीचा दिवस आहे, अमुक तारखेचा नव्हे. तुमच्या वडिलांच्या बोटीच्या बाबतीत हे पान सर्वांत सोपे आहे, कारण तो दिवस सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांना ‘लढाईत काय झाले’ विचारू नका. ‘सकाळी बोटीवर उतरलात की पहिले काम काय?’ असे विचारा. माणूस दोन तास बोलतो.

आणि जुनी रजिस्टरे दिसली तर लगेच फोटो काढून ठेवा, अर्थात परवानगी घेऊन. एका कार्यालयात सेलवार ग्रॅव्हिटीच्या नोंदींचा एक अख्खा गठ्ठा मी पाहिला होता, तारखा, वेळा, सह्या सगळे. पुढच्या महिन्यात गेलो तर तो रद्दीत गेला होता. त्यात माझ्याही सह्या होत्या.

विकल्यावर इतिहास थांबत नाही

7 ऑक्टोबर 1913: थॉमस डब्ल्यू. वॉर्ड या भंगार व्यापाऱ्यांना 410 पौंडांना विक्री. ओढून नेत असताना प्लिमथजवळ एडिस्टन दीपगृहाच्या परिसरात ती बुडाली. आत कुणी नव्हते.

इथे वही बंद करू नका. 1981 साली प्लिमथचे इतिहास संशोधक मायकेल पर्न यांनी तिचा ठावठिकाणा लावला आणि नोव्हेंबर 1982 मध्ये ती वर काढली. म्हणजे समुद्राच्या तळाशी 69 वर्षे. सेवेत होती त्याच्या सहापटीहून जास्त काळ.

पुढची गोष्ट बॅटरीवाल्याला फार जवळची वाटते. वर आलेल्या लोखंडाला गंज-प्रतिबंधक लेप दिले आणि ती लोकांसाठी ठेवली. 1993 च्या सुमाराला दिसून आले की गंज आतून चालूच आहे. समुद्राच्या मिठातले क्लोराइड लोखंडाच्या आत मुरलेले होते, वरून कितीही रंग द्या, हवेतला ओलावा मिळाला की ते पुन्हा कामाला लागतात. मग अख्ख्या बोटीभोवती फायबरग्लासची टाकी बांधली आणि 1995 पासून ती सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून ठेवली. सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. चार वर्षे. हळूहळू क्लोराइड बाहेर आले. 2001 साली तिच्यासाठी हवामान नियंत्रित केलेली स्वतंत्र इमारत उघडली. या सगळ्या तारखा सेवा-इतिहासातच लिहा. लोकांना दिसत राहणे ही तिची आजची नेमणूक आहे.

प्रत्यक्ष जाऊन पाहा

लेक साउदॅम्प्टनला असताना मी तिथे गेलो. पोर्ट्समथ बंदर स्टेशनाजवळून गॉस्पोर्टची फेरी मिळते, काही मिनिटांत पलीकडे. तिथून हासलरचा पूल ओलांडून चालत गेले की पाणबुडी संग्रहालय. मी आधी बॅटरीची जागा पाहिली. नंतर कॉनिंग टॉवरकडे पाहिले आणि माझे खांदे त्यातून जातील का याचा अंदाज घेतला. वहीत लांबी-रुंदी दोन वर्षे होती, पण छताची उंची माझ्या डोक्यात चुकीची बसली होती. मी माणसांना उभे असलेले कल्पिले होते. तिथे उभा राहिल्यावर मी ते पान खोडून पुन्हा लिहिले.

इंग्लंड सगळ्यांना जमणार नाही. विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा ठेवली आहे. डिसेंबर 1969 मध्ये कमिशन झाली, फेब्रुवारी 2001 मध्ये निवृत्त झाली, 2002 पासून लोकांना आतून पाहता येते. लांबी 91 मीटर, म्हणजे ‘हॉलंड 1’ च्या साडेचारपटीहून जास्त, तरीही आत शिरल्यावर खांदे आपोआप आखडतात. वही घेऊन जा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालताना कुठे वाकावे लागले ते लिहा. बोटीचा वास, दारांची गोल भोके, दोन बंकांमधले अंतर हे कोणत्याही कागदात मिळत नाही.

एवढे झाले की ‘हॉलंड 1’ चा इतिहास दोन पानांत स्वच्छ लिहून काढा. पेनाने गिरवलेल्याच नोंदी घ्या. पेन्सिलच्या नोंदी शेवटी वेगळ्या. ती दोन पाने अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने बोटीवर काम केले आहे. तो जिथे नकारार्थी मान हलवेल तिथे थांबा आणि विचारा.

जोडीदाराच्या मुलाने हे सगळे चार महिन्यांत केले. मग वडिलांच्या बोटीची नवी वही घेऊन आला. पहिल्या पानावर नावे, दुसऱ्यावर कमिशनची तारीख, कशाची ते लिहून. डायरी आम्ही दोघांनी मिळून भिंगाखाली वाचली. एका पानावर नुसते लिहिले होते, ‘चार्जिंग. रात्री पाऊस. पंखा दोनदा बंद.’ मी त्याला म्हटले, ही ओळ तारखेसकट डाव्या पानावर घे, आणि उजव्या पानावर माझे नाव लिही. त्या रात्री मी होतो.